तळ फोडल्याशिवाय तलाव बुजत नाही

प्रश्न : आम्ही धुळ्यात देवपूरच्या पुढे, शहराच्या वेशीवर राहतो. पाच वर्षांपूर्वी तयार बंगला विकत घेतला, तेव्हा मागच्या अंगणातील पोहण्याचा तलाव त्याच्यासोबत आला. तो १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला २ मीटर खोल आहे. सुरुवातीला पुतणे सुट्टीत येऊन पोहत असत. आता कोणी उतरत नाही. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, तलावासाठी टँकर मागवावा लागतो आणि भरलेले पाणी हिवाळ्यातही झपाट्याने कमी होते. सध्या अर्धा तलाव हिरव्या पाण्याने भरलेला आहे, डास झाले आहेत आणि तीन वर्षांची नात घरभर पळू लागली आहे. तलावापासून १२ फुटांवर असलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तिरपी भेग गेली आहे. एक ठेकेदार म्हणतो की जवळच पाडलेल्या घराचा राडारोडा टाकून वर माती पसरतो, चार दिवसांत काम संपेल. दीर शेतातील काळी माती फुकट द्यायला तयार आहेत. मुलाला त्या जागेवर भाड्याची खोली बांधायची आहे, सुनेला पावसाच्या पाण्याची टाकी हवी आहे. सासूबाईंना तिथे कडुलिंब लावायचा आहे आणि त्यांचे एकच पालुपद आहे, "हाऊ खड्डा एकदाना बुजी टाका!" काय करावे?
– एक वाचक, धुळे

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातील चार मतांपैकी सासूबाईंचे मत मला मान्य आहे : तलाव बुजवावा. मात्र ठेकेदाराने सांगितलेल्या पद्धतीने तो बुजवला, तर पुढच्या पावसाळ्यात आपल्या अंगणात तलावाऐवजी दलदल असेल आणि ती उपसून काढण्याचा खर्च बुजवण्याच्या खर्चाहून अधिक येईल. पोहण्याचा तलाव म्हणजे पाणी बाहेर जाऊ नये याच हेतूने बांधलेली सिमेंट-काँक्रीटची टाकी असते. तिच्यात राडारोडा आणि माती टाकल्याने तिचे टाकीपण संपत नाही. धुळ्याचा वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर आपल्या तलावाच्या ५० चौरस मीटर क्षेत्रावर दरवर्षी सुमारे ३०,००० लिटर पाणी पडते, आणि अंगणाचा उतार त्या बाजूला असेल तर आजूबाजूचेही पाणी तिथेच येते. त्यातील काही वाहून जाईल, काही उन्हात उडेल, पण जे मुरेल ते खाली तळाशी अडून राहील. मग माती खचते, वर चिखल होतो, झाडांची मुळे कुजतात आणि दोन वर्षांत तलावाचा आकार जमिनीवर जसाच्या तसा उमटतो. म्हणून या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असे विचाराल, तर ती माती नव्हे आणि राडारोडाही नव्हे. तळाला पाडलेली भोके ही आहे.

भिंतीच्या भेगेचा उल्लेख आपण ओझरता केला आहे. मला मात्र पत्रातील तीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटली. आपल्या भागात हातभर ते पुरुषभर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड अशी रचना बहुतेक ठिकाणी आढळते. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. तलावातून पाणी झिरपत असेल, तर स्वयंपाकघराच्या एका बाजूच्या पायाखालची माती वर्षभर ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहते. पायाची एक कड उचलली जाते, दुसरी तिथेच राहते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. हिवाळ्यातही पाणी झपाट्याने उतरते असे आपण लिहिता, त्यावरून गळतीची शंका बळकट होते. ती पडताळण्याचा उपाय सोपा आहे. तलावाच्या पायरीवर एक बादली पाण्याने भरून अशी ठेवा की तिच्या आतील पाण्याची पातळी आणि तलावाची पातळी सारखी असेल. दोन्ही ठिकाणी खूण करा आणि दोन दिवसांनी पाहा. बादलीतील पाणी केवळ उन्हाने उडते. तलावातील पाणी त्याहून अधिक उतरले असेल, तर फरक गळतीचा आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून वाढते आहे हे कळेल आणि तसे झाल्यास स्थापत्य अभियंत्याला घर दाखवणे टाळू नका. भेगेवर लगेच प्लास्टर चढवण्याची घाई मात्र करू नये, कारण गळती थांबल्यानंतर ओली माती सावकाश वाळेल आणि भिंत पुन्हा थोडी हलेल.

सुनेची सूचना मी सहज बाजूला सारलेली नाही, कारण तिचे गणित चोख आहे. आपल्या घराचे छत १५० चौरस मीटर धरले, ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ७२,००० लिटर पाणी मिळते. आपल्या तलावाची क्षमता ७५,००० लिटर आहे. म्हणजे एका पावसाळ्याचे छतावरचे पाणी तलावात जवळजवळ नेमके मावेल. १०,००० लिटरच्या टँकरांत मोजले तर हे सात टँकर होतात, आणि ज्या शहराला नकाणे आणि डेडरगाव तलावांच्या पातळीकडे व तापीवरून येणाऱ्या पाण्याकडे डोळे लावून बसावे लागते, तिथे सात टँकर ही लहान गोष्ट नाही. तलाव गळत नसता आणि घरापासून दूर असता, तर मी सुनेच्याच बाजूने उभा राहिलो असतो. परंतु गळती बंद करण्यासाठी संपूर्ण आतील बाजूला नव्याने जलरोधक थर द्यावा लागेल, उघडी टाकी डासांसाठी आणि नातीसाठी धोक्याची असल्याने तिच्यावर ५ मीटर रुंदीचा स्लॅब टाकावा लागेल आणि त्या स्लॅबचा भार या भिंतींना पेलवेल की नाही हे आधी तपासावे लागेल. एवढे करूनही पायाच्या शेजारी ७५ टन पाणी कायमचे साठवलेले राहील. भेग गेलेल्या घराला ते परवडणारे नाही. सुनेची इच्छा दुसऱ्या मार्गाने पुरी होऊ शकते : छताचे पाणी घराच्या पलीकडच्या बाजूला नेऊन १०,००० लिटरच्या टाकीत साठवावे, टाकी भरल्यावरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून कूपनलिकेत सोडावे.  

आता वेळेविषयी. हे काम केव्हा करायचे यावर त्याचे यश निम्म्याहून अधिक अवलंबून आहे. रिकामा तलाव ही जमिनीत रुतवलेली पोकळ पेटी असते. तिच्या तळाच्या वर बाहेरील भूजल चढले, की ते पाणी पेटीला खालून वर ढकलते. आपल्या तलावाचा तळ ५० चौरस मीटरचा आहे. तळ उतरता आहे, त्यामुळे बाहेरचे पाणी तळाच्या सरासरी पातळीपासून १ मीटर वर आले तर वरच्या दिशेने सुमारे ५० टनांचा दाब येतो. तळ आणि भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या धरल्या, तर त्या काँक्रीटचे सगळे वजन ४७-४८ टन भरते. म्हणजे तलाव जमिनीतून उचलला जाऊ शकतो, आणि पूर्ण उचलला गेला नाही तरी तळ फुगून फुटू शकतो व शेजारची फरशी, पाइप आणि आपल्या बाबतीत घराचा पाया, यांना धक्का बसू शकतो. म्हणून पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्यावर दोन-तीन महिन्यांत भरलेला तलाव रिकामा करू नये. भूजल सर्वांत खोल गेलेले असते ते एप्रिल-मे महिन्यांत, आणि खान्देशातील आपल्या उन्हाळ्याचा हा एकच काय तो फायदा आहे.

शेजारची विहीर कोरडी आहे म्हणून आपणही निर्धास्त राहावे, असे मात्र समजू नका. धुळे-नंदुरबार पट्ट्यातील बेसाल्टमध्ये उभ्या खडकभिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात, फार मोठ्या संख्येने घुसलेल्या आहेत. त्यांच्या एका बाजूला भूजल अडून राहते आणि दुसऱ्या बाजूला कोरड असते, त्यामुळे दोनशे पावलांवरच्या दोन विहिरींची पातळी वेगळी निघू शकते. खात्री करून घ्यायची असेल तर तलावाच्या खोल टोकाजवळ, पण घराच्या विरुद्ध बाजूला, तळाहून हातभर अधिक खोल असा एक अरुंद खड्डा घ्या आणि एक रात्र थांबा. सकाळी खड्डा कोरडा असेल तर तलाव उपसायला हरकत नाही. पाणी आले असेल तर ते गळतीचेही असू शकते. त्या स्थितीत तलाव आणि खड्डा दोन्ही एकाच वेळी उपसावेत. हा खड्डा आणखी एका कामाचा आहे : काळी माती किती खोलीपर्यंत आहे आणि मुरूम कुठे लागतो, हे त्याच्या कडेत स्पष्ट दिसेल, आणि पुढे तळाला भोके पाडताना ते माहीत असणे आवश्यक आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मजूर गावी जातात, सालदारांचे (वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या शेतगड्यांचे) जुने करार संपून नवे होतात, त्यामुळे त्या आठवड्यात काम अर्धवट सोडले जाण्याची शक्यता असते. आखाजी आटोपली की सुरुवात करावी आणि मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, भराव जमिनीच्या पातळीपर्यंत यावा अशा बेताने ठेकेदाराशी बोलावे. यंदा जमले नाही तर थेट पुढच्या उन्हाळ्यातच करावे. मधल्या काळात तलाव रिकामा न ठेवता अर्धा भरलेला ठेवावा.

काम सुरू होण्याची वाट न पाहता या आठवड्यात करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. तलावाभोवती किमान ४ फूट उंचीचे, लहान मुलाला चढता येणार नाही असे कुंपण घालावे आणि त्याच्या दाराला मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर कडी बसवावी. वर ताडपत्री पसरणे हा उपाय नव्हे, उलट तो अधिक धोक्याचा आहे, कारण ताडपत्रीवर पाय ठेवलेले मूल तिच्यासकट आत जाते आणि वरून दिसतही नाही. दुसरी गोष्ट डासांची. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात गप्पी मासे मिळतात का याची चौकशी करून ते तलावात सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात. पाणी उपसल्यानंतर भिंती घासून घ्याव्यात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या पृष्ठभागावरही काही महिने टिकतात.

पाणी हिरवे झाले आहे याचा अर्थ त्यातील क्लोरिन संपले आहे, त्यामुळे ते झाडांना घालताना त्याची धास्ती नको. मात्र वर्षानुवर्षे पाणी उडत गेले आणि टँकरने भर पडत गेली, की क्षार मागे साचत जातात. साधे टीडीएस मीटर घेऊन क्षार पाहावेत. ते फार नसतील तर कडुलिंब, करंज, शेवगा अशा झाडांना हप्त्याहप्त्याने पाणी द्यावे. केळी आणि लिंबूवर्गीय झाडांना मात्र ते घालू नये, कारण त्यांना क्षार सोसत नाहीत. काँक्रीटच्या कामालाही हे पाणी वापरू देऊ नका, त्यातील क्लोराइडने सळई गंजते. जवळपास ३५,००० लिटर पाणी एकदम आपल्याच अंगणात सोडले तर ज्या काळ्या मातीला वाळवण्यासाठी ही सारी धडपड, तीच पुन्हा फुगेल. गटारीत सोडायचे असल्यास महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी सांगावे.

तलावाच्या मोटारघरात उरलेली रसायने असतील तर ती स्वतः हाताळू नका आणि मजुरांनाही हाताळू देऊ नका. क्लोरिनची पावडर किंवा गोळ्या आणि तलाव धुण्याचे आम्ल एकत्र आले, की विषारी क्लोरिन वायू सुटतो. पावडर ओली झाली किंवा तेलकट वस्तूच्या संपर्कात आली तर पेटही घेऊ शकते. बंद डबे वापरात असलेल्या एखाद्या तलावाच्या व्यवस्थापकाला देऊन टाकावेत, हा सर्वांत सोपा मार्ग आहे. विजेच्या बाबतीत नुसता फ्यूज काढून भागणार नाही. परवानाधारक वायरमनकडून मोटारीची आणि पाण्याखालील दिव्यांची जोडणी मुख्य बोर्डापासून तोडून घ्यावी आणि केबल ओढून काढावी, नाहीतर दहा वर्षांनी कुदळ मारणाऱ्याच्या हाती ती लागेल. मोटार, गाळणीची टाकी आणि स्टीलची शिडी यांना भंगारापेक्षा जुन्या बाजारात बरी किंमत येते. हे ठेकेदाराच्या दरात धरले आहे की आपले आहे, ते आधीच ठरवा.

आता प्रत्यक्ष फोडकाम. संपूर्ण तलाव उखडून काढण्याची गरज, त्या जागेवर बांधकाम करायचे नसेल तर, नाही. आपल्यासाठी अर्धवट काढणे पुरेसे आहे : भिंतींचा वरचा अडीच ते तीन फुटांचा भाग, काठाच्या फरशीसह, चारही बाजूंनी तोडायचा आणि तळाला भोके पाडायची. पाणी उपसले की त्याच्या दुसऱ्या दिवशी तळ फुटला पाहिजे, म्हणून ब्रेकर आणि माणसे दारात आल्याखेरीज पाणी उपसू नये. दर ५ चौरस मीटरला एक, असे किमान दहा चौक, म्हणजे चौकोनी भोके, पाडावेत, प्रत्येक चौक दोन फूट लांब-रुंद असावा, सर्वांत खोल टोकाला दोन चौक अधिक असावेत आणि भिंतीच्या पायथ्यापासून दोन फूट अंतर सोडावे, म्हणजे भिंतीचा आधार जाणार नाही. वरचे काँक्रीट फुटले की मजूर थांबतात. त्याच्याखाली बहुधा आणखी एक साध्या काँक्रीटचा थर आणि दगडांची सोलिंग असते, ती पार करून खरी जमीन लागेपर्यंत जायचे आहे. प्रत्येक चौकात घमेलाभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. पाणी मुरले नसेल तर खाली काळी माती आहे असे समजावे आणि पहारीने किंवा गिरमिटाने मुरुमापर्यंत छिद्र घेऊन ते खडीने भरावे. ही एक रात्रीची तपासणी ठेकेदाराला वेळेचा अपव्यय वाटेल, तरीही आपण ती सोडू नये. चौक पाडल्यावर आणि भराव घालण्यापूर्वी प्रत्येकाचे छायाचित्र काढून ठेवावे.

भिंती तोडण्याचे काम घराच्या विरुद्ध बाजूने सुरू करावे. घराच्या बाजूची भिंत सध्या स्वयंपाकघराच्या पायालगतची माती अडवून उभी आहे. ती तोडण्यापूर्वी आतून तिच्यापाशी भराव चढलेला असला पाहिजे, म्हणजे तळ भरत भरत वर येत शेवटी तिचा माथा तोडायचा. जड यंत्र त्या १२ फुटांच्या पट्टीत आणू देऊ नका. तिथे हाताने चालवायचा ब्रेकर पुरे.

भरावाच्या मातीबद्दल दिरांना नम्रपणे नकार द्यावा लागेल. काळी माती फुकट असली तरी या कामात ती सर्वांत महाग पडते, कारण जी माती फुगून आपली भिंत तडकवते आहे तीच आपण घराशेजारी नव्याने आणून भरणार आहोत. तिचा उपयोग फक्त वरच्या दीड फुटासाठी होईल. ठेकेदाराच्या राडारोड्याबाबत थोडा विवेक वापरावा. त्यातील स्वच्छ काँक्रीट आणि विटा तळाला चालतात, तुकडे वीतभराहून मोठे नसावेत आणि त्यांच्यातील पोकळ्या मुरुमाने भरून घ्याव्यात. लाकूड, प्लास्टिक, प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, गाद्या, असे काहीही आत जाता कामा नये. लाकूड कुजते, तिथे पोकळी होते, वाळवी लागते आणि ती घराकडे सरकते. आपल्याच तलावाच्या फोडलेल्या भिंतींचे दीड-दोन ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) तुकडे निघतील, ते आधी वापरावेत. सळई कापून बाजूला काढावी.

तुकड्यांच्या या थरावर जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरावे, म्हणजे वरचा बारीक माल खालच्या पोकळ्यांत उतरत नाही, आणि मग मुरूम घालावा. तो एकदम ओतून सपाट केला, तर पुढची तीन-चार वर्षे खचत राहील. १५ ते २० सेंटीमीटरचा थर, त्यावर पाण्याचा शिडकावा, मग प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा धुमसाने ठोकणे, आणि तो घट्ट झाल्याशिवाय पुढचा थर नाही, हा नियम ठेवावा. ओलाव्याचा अंदाज मुठीने घेता येतो : मूठभर मुरूम दाबल्यावर गोळा बनावा, पण हाताला चिखल लागू नये. कडा आणि कोपरे यंत्राच्या आवाक्यात येत नाहीत, तिथे हाताचा धुमसच लागतो आणि खचण्याची सुरुवात नेहमी तिथूनच होते. सर्वांत वर दीड फूट माती, शेणखत मिसळून, आणि मध्यभाग सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच. उतार घराकडून बाहेरच्या बाजूला असावा. तळाला भोके पाडली म्हणून तिथे मुद्दाम पाणी मुरवायचे आहे, असा अर्थ नाही. जे चुकून आत जाईल ते अडकू नये एवढाच त्यांचा हेतू. पन्हळीचे पाणी तिथे सोडू नये.

मापाविषयी : १ ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. आपल्या तलावाचे ७५ घनमीटर म्हणजे साडेसव्वीस ब्रास होतात, पण सुटा माल ठोकल्यावर बसतो, म्हणून तीस ते पस्तीस ब्रास साहित्य आणावे लागेल. त्यातील आठेक ब्रास वरची माती असेल. ठेकेदाराने वीस ब्रासमध्ये काम होते असे सांगितले, तर तो एक तर पोकळी ठेवणार आहे किंवा ठोकणार नाही. गाडी रिकामी होण्यापूर्वी मोजून घ्यावी. मुरूम हे गौण खनिज असल्याने त्याच्या वाहतुकीचा परवाना आणि रॉयल्टीची पावती ठेकेदाराकडून मागून घ्या. विनापरवाना मुरुमाची गाडी महसूल विभागाने आपल्या दारात पकडली, तर मनस्ताप आपल्याला होतो. राडारोडा बाहेर पाठवावा लागला तर तो पांझरेच्या पात्रात किंवा नाल्यात टाकला जाणार नाही, हेही लेखी घ्यावे. अशा कचऱ्यासाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम आहेत. ठेकेदाराला एकरकमी न देता फोडकाम, भराव आणि शेवटचा थर असे तीन टप्पे करावेत आणि काही रक्कम पावसाळ्यानंतर, खचलेला भाग भरून दिल्यावर देण्याचे ठरवावे. मंजूर नकाशात तलाव दाखवला असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागाला अर्ज देऊन पोच घ्यावी. तलाव गेल्याने घराची किंमत उतरेल का, या काळजीचे कारण मला दिसत नाही. आपल्याकडे गळका तलाव पाहून गिऱ्हाईक अधिक घासाघीस करते.

मुलाच्या खोलीबद्दल स्पष्टच लिहितो : अशा भरावावर खोली बांधू नये, एकमजलीसुद्धा नाही. अर्धा पाया जुन्या भिंतीवर आणि अर्धा भरावावर आला, तर पहिल्याच दोन पावसाळ्यांत भिंती फाटतील. खोली बांधायचीच असेल तर आताच सांगावे, कारण त्यासाठी तलाव पूर्ण उखडावा लागेल, अभियंत्याच्या देखरेखीखाली भराव घालून त्याची घनता तपासावी लागेल आणि पाया मूळ मुरुमापर्यंत किंवा दगडापर्यंत न्यावा लागेल. त्याचा खर्च आजच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. मोकळ्या प्लॉटची दुसरी बाजू रिकामी असेल तर खोली तिकडे काढावी. दोन पावसाळे गेल्यानंतर बुजवलेल्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवून मोटार उभी करायला हरकत नाही. घराचे कागद ज्या फाइलमध्ये आहेत तिच्यात तलावाचा मोजमापांसह नकाशा आणि भोकांची छायाचित्रे ठेवावीत, म्हणजे पुढे घर विकताना किंवा नातीच्या पिढीने बांधकाम काढले तर जमिनीखाली काय आहे हे कळेल.

राहिला सासूबाईंचा कडुलिंब. तो मोठा होणारा वृक्ष आहे, त्याची मुळे खोल आणि दूरवर जातात, आणि काळ्या मातीत घरापासून १२ फुटांवर असा वृक्ष लावला की तो उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा शोषून भिंतीला पुन्हा हलवतो. कडुलिंब कुंपणाच्या टोकाला, घरापासून किमान ३० फूट दूर लावावा. बुजवलेल्या जागेवर पहिल्या पावसाळ्यात ताग किंवा मूग पेरून फुलोऱ्यावर असताना तिथेच मातीत गाडावा. माती सुधारते आणि कुठे खचते आहे तेही दिसते. दिवाळीनंतर खचलेला भाग भरून घेऊन दुसऱ्या वर्षी कढीपत्ता, मोगरा, तुळस, जास्वंद अशी उथळ मुळांची झाडे लावता येतील. सासूबाईंना लोणच्यासाठी कागदी लिंबू हवे असेल तर तेही चालेल, फक्त ते तलावाच्या जुन्या भिंतीच्या रेषेवर न लावता मधोमध लावावे आणि त्याला नळाचेच पाणी द्यावे.